गळालेला व

वरवट बकालच्या प्रसेनजितने एक अख्खं भाषाकुळ जन्माला घातलं होतं, आणि ते घालताना तो जितका सुखात होता तितका आयुष्यात कधीच नव्हता. हे आधी सांगितलेलं बरं. पुढचं ऐकून कुणाला वाटायचं की हा पोरगा मुळातच कोरडा. तसा तो नव्हता.

पुण्यात भाषाशास्त्र शिकून तो तिथल्याच एका स्टुडिओत लागला होता. स्टुडिओ मोबाइलवर बघायच्या ॲनिमेशन मालिका करायचा. मुख्य लेखक होता शेखर. त्याच्या डोक्यात थारी नावाचा एक मुलूख होता. राजवाड्यातले अरुथी, नदीवरचे व्यापारी नेमथी आणि माळावरचे खुंदी अशा तीन जमाती तिथे राहायच्या. शेखर म्हणाला, "तिघांच्या भाषा वेगळ्या हव्यात, पण बहिणी बहिणी वाटल्या पाहिजेत. ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे की हे कधीकाळी एका चुलीवर जेवत होते."

प्रसेनजितला दुसरं काय हवं होतं! त्याने आधी आई घडवली. मूळ थारी. तिच्यात पाण्याला विळाणु, डोळ्याला कोळु, 'थांब'ला थोळे. मग त्याने आईला म्हातारं केलं आणि लेकींना घराबाहेर काढलं. अरुथी राजवाड्यात बसून राहिली, म्हणून तिने जुनं जपलं, नुसता शेवटचा उ टाकला, तो तर तिघींनीही टाकला. विळाण, कोळ. नेमथी बाजारात हिंडली, परक्यांत मिसळली, तिच्या तोंडी ळचा ल झाला, णचा न झाला. विलान, कोल. एकदा नियम बसला की शब्द आपोआप रांगेत येऊन उभे राहायचे, आणि त्याला वाटायचं, आपण हे रचत नाही आहोत, हे कुठेतरी होतंच, आपण फक्त धूळ झटकतो आहोत.

खुंदीपाशी मात्र गाडं अडलं.

"खुंदी म्हणजे आपले गमतीचे लोक," शेखरने बजावलं होतं. "ओझी वाहणारे, मुळे चोरणारे, चिखलात पडणारे. त्यांनी तोंड उघडलं की हसू आलं पाहिजे. अर्थ कळायच्या आधी."

प्रसेनजितने नाना खटपटी केल्या. व्यंजनं दुप्पट केली, स्वर नाकात घातले, सगळीकडे ख पेरला. शेखर मान हलवायचा, म्हणायचा, "खोटं वाटतं रे." मग एके दुपारी, डबा खाता खाता, प्रसेनजितने कागदावर लिहिलं: इच्या आधीचा व गळतो. ळचा य होतो. णचा न होतो. विळाणुचं झालं इयान. कोळुचं कोय. थोळेचं थोये. एकही शब्द अडला नाही. अडेल कसा? त्याच्या घरी विहिरीला इहीर म्हणत, डोळ्याला डोया, काळ्याला काया. नियम वऱ्हाडातले होते, त्याच्या मायच्या तोंडातले होते.

शेखरने दोन ओळी मोठ्याने वाचल्या आणि हसून लोटपोट झाला. "कुठून सुचतं रे तुला हे?"

"सुचलं असंच," प्रसेनजित म्हणाला.

हे म्हणताना त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात तो 'मले भूक लागली' म्हणाला होता आणि पंगतभर पोरं 'मले, मले' करत ताटं वाजवत बसली होती. महिना संपायच्या आत त्याने आपली जीभ घासून पुसून लख्ख केली होती. आता तेच त्याने उचलून मुळे चोरणाऱ्यांच्या तोंडी घातलं होतं. मनाची समजूत घालायला त्याच्यापाशी शास्त्र होतंच. ध्वनिबदल हा ध्वनिबदल असतो. त्यात वरचं खालचं काही नसतं. मालिकेसाठी केलेल्या टिपणात त्याने हे वाक्य ठळक अक्षरांत घातलंही होतं. नियमात वरखाली नसेलही. पण तो नियम कुणाच्या गळ्यात बांधायचा हे त्यानेच ठरवलं होतं.

इथवर असतं तरी निभलं असतं.

खुंदी बाईचा आवाज देणारी नटी हुशार होती. ती म्हणाली, "शब्द मिळाले, पण चाल कुठाय? ही बाई हाका मारताना कशी चढते, कशी उतरते?" प्रसंग असा होता की खुंदी बाईची चोरलेल्या मुळ्यांची टोपली व्यापाऱ्याच्या गाडीवर राहून जाते, गाडी सुटते आणि बाई पडत धडपडत मागे धावते.

प्रसेनजितपाशी एक जुनी ध्वनिफीत होती. एम.ए.ला असताना बोलीचा नमुना म्हणून त्याने ती आपल्या मोठ्या मायकडून, म्हणजे थोरल्या चुलतीकडून घेतली होती. तानाबाई तिचं नाव. वरवटला त्यांच्या शेजारच्याच घरात राहायची. 'आयुष्यातली एखादी गोष्ट सांग' म्हटल्यावर तिने आपल्या पोरीची सांगितली होती. पोरगी सहा वर्षांची, विशाखा. कापूस वेचायला मायच्या मागे शेतात गेली आणि तिला पान लागलं. तिकडे साप चावला असं कुणी म्हणत नाही, पान लागलं म्हणतात. तानाबाई पोरीला खांद्यावर टाकून रस्त्यावर आली. जळगाव जामोदकडे जाणारी एक जीप दिसली. जीप भरलेली होती, थांबली नाही. तानाबाई तिच्या मागे पळाली. प्रसेनजितच्या जन्माआधीची ही गोष्ट.

त्या फितीवर त्याने सगळा प्रबंध उभा केला होता. कुठला स्वर किती लांबतो, हाकेत आवाज कुठे चढतो, हे त्याने यंत्रावर इतक्या वेळा मोजलं होतं की त्या आवाजातलं मेलेलं लेकरू त्याला ऐकू येईनासं झालं होतं. त्याने हाकेचा तुकडा कापला आणि संगणकावर त्यातले शब्द पुसले. उरला नुसता हुंकार, भिंतीपलीकडून कुणी बोलावं तसा. तो त्याने नटीला दिला. नटीने डोळे मिटून ऐकला आणि पहिल्याच फटक्यात उचलला.

"थोये ना ओ, थोये!"

मालिका चालली ती चाललीच, पण ही हाक तिच्याही पुढे पळाली. पोरं बस सुटली की तसं ओरडायला लागली. लग्नात नवरा घोड्यावर चढला की मागून कुणीतरी 'थोये ना ओ!' करायचं. लोक त्यावर नाचले, त्यात आपली तोंडं घालून चित्रफिती केल्या. प्रसेनजितला मुलाखतीला बोलवायला लागले. भाषा कशा फुटतात, बहिणी एकमेकींना कशा अनोळखी होतात, हे तो छान समजावून सांगायचा. खुंदीचा विषय निघाला की पाणी प्यायचा.

वैशाखात त्याच्या धाकट्या बहिणीचं, रेणुकाचं साक्षगंध ठरलं. तो गावी गेला. घरापुढे मांडव पडला होता. मुलाकडचे डोणगावहून आले, त्रिशरण पंचशील झालं, अंगठ्या झाल्या, हारतुरे झाले. वडील सहदेव जो भेटेल त्याला सांगत होते, "हा आमचा प्रसेनजित. सिरियलमंधी ज्या भाषा हायेत ना, त्या यानंच बनवल्या." व्याह्यांनी उठून त्याला नमस्कार केला. वांग्याची भाजी, वरण, बुंदी अशी पंगत उठली आणि माणसं मांडवात पाय पसरून बसली.

रेणुकाने मोबाइल काढला. "मोठी माय, इकडं ये वो. दादाची बाई पाह्य."

"कोनती बाई?" तानाबाई पदराला हात पुसत आली.

"त्या खुंदी लोकाइची. पाह्य तर खरी, हसून हसून मरशीन."

प्रसेनजित खुर्चीवरून अर्धा उठला. आपण का उठतो आहोत हे त्यालाही नीट कळलं नव्हतं. तोवर रेणुकाने लावलंही होतं. गाडी सुटली. बाई धावली. थोये ना ओ, थोये! मांडवातली निम्मी माणसं सवयीने सुरात सूर मिसळून ओरडली आणि हसली.

तानाबाईही आधी हसली, सगळे हसले म्हणून. मग तिचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे तेवढे बदलले.

"हे बाई काऊन रडून राह्यली?" तिने विचारलं.

हशा पिकला. "रडत नाई वो," रेणुका म्हणाली, "तिचे मुये गेले गाडीवर! चोरीचे मुये!"

"पुना लाव."

रेणुकाने पुन्हा लावलं. हाक मांडवाच्या कनातीवर आपटून परत आली. तानाबाईने मान वर केली आणि सगळ्या माणसांतून नेमकं प्रसेनजितकडे पाहिलं. रागाने नाही. ओळखीचा माणूस परक्या गावात अचानक दिसावा, तसं.

"मुये नाई ते," ती हळूच म्हणाली. मग पदर सावरून, पाहुण्यांच्या मधून वाट काढत आपल्या घराकडे निघून गेली.

"ऊन लागलं वाट्टे बुढीले," कुणीतरी म्हणालं, आणि गप्पा दुसरीकडे वळल्या.

प्रसेनजित पाहुण्यांना निरोप देईपर्यंत मांडवात राहिला. हसला, हात जोडले, फोटोत उभा राहिला. डोणगावच्या एका पोराने त्याच्याकडून हट्टाने 'थोये' म्हणवून घेतलं. तेही त्याने म्हटलं. त्या शब्दाची चव दिवसभर तोंडातून गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्याकडे गेला. तानाबाई ओट्यावर तूर पाखडत होती. त्याला पाहून तिने सूप खाली ठेवलं.

"ये. बस," ती म्हणाली. "मी चहा आणते. साखर किती पाहिजे तुला?"

प्रसेनजित उभाच राहिला. मोठी माय 'चा आनतो' म्हणायची, तिकडे बायाही 'आनतो'च म्हणतात. 'तुले' म्हणायची. उभ्या जन्मात तिने त्याच्याशी असं बोललेलं नव्हतं. शब्द तिच्या तोंडात नव्या चपलेसारखे चावत होते. प्रत्येकाआधी ती किंचित थांबत होती.

"मोठी माय, तू अशी काऊन बोलून राह्यली?"

"चांगलं बोलते आहे ना?"

"असं नको बोलू माह्याशी."

तिने त्याच्या खिशाकडे बोट केलं. "मोबाईल बंद आहे का तुझा?"

त्याला मारलं असतं तर सोसलं असतं. त्याने मोबाइल काढला, बंद केला आणि ओट्याच्या कडेला दूर सारून ठेवला. मग तिच्यासमोर खाली बसला आणि सगळं सांगितलं. फीत, तुकडा, पुसलेले शब्द, नटी, मुळे. आपल्या घरचे नियम कुणाला दिले तेही सांगितलं. सांगताना त्याची मान एकदाही वर झाली नाही. तो सुपातल्या तुरीशीच बोलत होता.

तानाबाईने मधे एकदाच विचारलं, "पोरीचं नाव घेतलं का तिथं?"

"नाई."

"तुझ्यापाशी आहे ते अजून? माझं बोलणं?"

"हाय."

"लाव. मला ऐकायचं आहे. सगळं."

त्याने बंद केलेला मोबाइल पुन्हा चालू केला. फीत सुरू झाली. बऱ्याच वर्षांनी तो ती यंत्रावर रेघा न बघता ऐकत होता.

'...कापूस येचाले गेलतो आम्ही. इशाखा मांगं मांगं. पान लागलं पोरीले. म्या उचलली अन् रोडवर आली. जीप येऊन राह्यली होती. म्या हात केला. थांबलीच नाई. मंग मी मांगं पयाली. थांब ना भाऊ, थांब! लेकरू हाय माह्यापाशी! थांब ना भाऊ, थांब!...'

तानाबाईने ओठ घट्ट मिटले होते. फितीतली तानाबाई बोलत राहिली. पोरगी खांद्यावर कशी जड होत गेली ते सांगून गप्प झाली. फितीत नुसता पंख्याचा आवाज. आणि मग एक तरुण, उत्साही, लख्ख पुणेरी आवाज आला. तो प्रसेनजितचाच होता.

'मोठी माय, ते नाव परत म्हण ना एकदा. सावकाश. वि म्हणतेस की इ?'

पंखा फिरत राहिला.

'इशाखा,' फितीतली बाई म्हणाली.

'आणखी एकदा.'

'इशाखा.'

'छान.'

फीत संपली.

हे त्याला आठवतच नव्हतं. प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात तो शब्द उदाहरण म्हणून छापलेला होता. 'इ' या स्वरापूर्वी 'व'चा लोप, आणि पुढे विशाखा, इशाखा. त्या उदाहरणाला परीक्षकांनी शाबासकी दिली होती. विहीर, वीस, विळा, कितीतरी शब्द होते. त्याला तेच नाव स्वच्छ ऐकू आलं होतं, कारण ते त्याने तिच्याकडून दोनदा सावकाश म्हणवून घेतलं होतं.

"मोठी माय..." त्याने मोबाइल ओट्यावर पालथा ठेवला.

"मी म्हटलं होतं परत," तानाबाई म्हणाली. "तू म्हणालास म्हणून. मला वाटलं, शिकलेला पोरगा आहे, पोरीचं नाव कुठं चांगल्या ठिकाणी लिहील." तिने सूप उचललं, पुन्हा खाली ठेवलं. "लिहिलं का?"

"लिवलं," तो म्हणाला. कुठे, कसं, हे सांगायची त्याची छाती झाली नाही. तिने विचारलंही नाही. चहा तिने केलाच नाही. दोघंही ते विसरले.

पुण्यात परतल्यावर तो आधी शेखरकडे गेला. खुंदी ही माझी बोली आहे, म्हणाला. ती हाक कुणाची तेही सांगितलं. शेखर वाईट माणूस नव्हता.

"मला माहीत असतं तर घेतली नसती रे," तो म्हणाला. "पुढच्या भागांत चाल बदलू. पण बाहेर गेलंय ते आता माझ्याही हातात नाही, तुझ्याही नाही." मग जरा पुढे वाकून म्हणाला, "तू हे एखाद्या मुलाखतीत सांगशील? लोकांना फार भिडेल."

सगळ्यात लाज प्रसेनजितला याची वाटली की क्षणभर, अगदी क्षणभर, आपण ते कसं सांगू याची वाक्यं त्याच्या मनात जुळायला लागली होती. आधी थोडा वऱ्हाडी सूर, मग एक विराम. त्याने खुर्ची मागे सरकवली.

"नाही," तो म्हणाला. पुढच्या पर्वाचं काम त्याने सोडलं. खुंदीची चाल बदलली, तर बघणाऱ्यांनी तक्रारी केल्या की पूर्वीची मजा गेली. जुनी हाक अजून वाजतेच आहे. एकदा सिग्नलवर शेजारच्या रिक्षात वाजली तेव्हा तो आपली रिक्षा सोडून चालत घरी गेला.

आता तो शाळेच्या पुस्तकांसाठी शब्दसूच्या करतो. थारीतलं त्याला अजून सगळं पाठ आहे. कधी नळाखाली भांडं धरलं की मनात विळाणु येतं, मग विळाण, विलान, आणि तिसऱ्या लेकीपाशी तो नळ बंद करतो.

रेणुकाच्या लग्नाला तो गेला तेव्हा तानाबाई सगळ्यांत होती. बायकांत बसून मोठमोठ्याने बोलत होती, हसत होती, कुणाला तरी शिव्या घालत होती. तो जवळ आला की तिचं बोलणं सावध व्हायचं, कपड्याला इस्त्री फिरवावी तसं. 'जेवलास का?' 'थकला असशील.' बाकीच्यांना वाटायचं, पुण्याच्या पुतण्याचा मान ठेवते. रेणुका एकदा चेष्टेने म्हणालीही, "मोठी माय, तू त दादासोबत टीव्हीवानी बोलते!" प्रसेनजित उठून मांडवाबाहेर गेला.

लग्न उरकल्यावर, जायच्या दिवशी, तो तिचा निरोप घ्यायला तिच्या घरी गेला. कुडाआडून तिचा आवाज येत होता. शेजारच्या अंबूबाईशी बोलत होती.

"काऊन वो अंबू, सकायपासून दिसली नाई? डोये काऊन लाल दिसून राह्यले? इकडं बस माह्याजवय. सांग मले, काय झालं त."

प्रसेनजितचे पाय तिथेच थांबले. ऊन चांगलंच चढलं होतं. पलीकडे अंबूबाई काहीतरी बारीक आवाजात सांगत होती आणि मोठी माय मधून मधून 'हाव, हाव माय' करत होती. तो आवाज त्याच्या अंगावर लहानपणाच्या गोधडीसारखा आला. किती दिवसांनी, किती वर्षांनी! त्याला वाटलं, इथेच उभं राहावं, आत जाऊच नये, नुसतं ऐकावं.

आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण पुन्हा तेच करतो आहोत. एक बाई दुसरीला आपलं दुःख सांगते आहे आणि आपण आडून ऐकतो आहोत.

त्याने फाटकाची कडी जोरात वाजवली.

आतलं बोलणं थांबलं.

"कोण आहे?" तानाबाईने विचारलं.

"मी हाओ, मोठी माय. जाऊन राह्यलो आता."

मग ती फाटकापाशी आली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि एकेक शब्द जपून उचलत म्हणाली, "नीट जा. पोचल्यावर फोन कर."

"करतो," तो म्हणाला, आणि बसच्या रस्त्याला लागला. वळणापलीकडे जाईपर्यंत त्याने पाय मुद्दाम आपटत टाकले, म्हणजे तो गेला हे त्या दोघींना कळावं आणि त्यांना पुन्हा बोलता यावं.